प्रार्थनेला बसलं की कापसाचा हिशेब आठवतो

पत्र :

सप्रेम सलाम. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून 18 किलोमीटर. गावात ख्रिस्ती घरं तीनच. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-सोयाबीन अन् थोडी तूर. दोन वर्षं झाली, हाती काही लागलं नाही. एका साली बोंडअळी, दुसऱ्या साली सोयाबीन सोंगणीला आलं अन् पाऊस. सोसायटीचं कर्ज आहे, बचत गटाचा हप्ता आहे. पहाटे पाचला उठते, रात्री दहाला पडते. प्रार्थनेसाठी डोळे मिटले की डोक्यात हिशेब सुरू होतो, नाहीतर झोप लागते. दर जानेवारीत बायबल पहिल्या पानापासून धरते, लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाते अन् सुटते. अक्षरंही पुसट दिसतात आता. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. मोबाईलवर एक प्रचारक सांगतात की विश्वास कमी म्हणून शेत पिकत नाही, विश्वासाचं बी म्हणून 1,100 रुपये पाठवा. शेजारीण म्हणते, तुह्या देवानं काय केलं? आमचे हे तर देवाचं नाव काढलं की उठून जातात, कोणाशी धड बोलत नाहीत. पोळ्याला गावासोबत राहावं की नाही, तेही समजत नाही. माझा विश्वास संपत चालला काय?
— एक बहीण, वय 44

उत्तर :

ताई, सप्रेम सलाम.

विश्वास संपत चालला का, याचं उत्तर मार्कच्या नवव्या अध्यायात सापडतं. आजारी पोराचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे. आणि त्याच दमात म्हणतो, माझा अविश्वास घालवायला मला मदत करा. येशूनं त्याला ‘आधी विश्वास पक्का कर, मग ये’ म्हणून परत पाठवलं नाही. पोरगं बरं करून दिलं. तुमचं पत्र त्या बापाच्या बोलण्यासारखंच आहे, त्यामुळे या प्रश्नावर आणखी झोप घालवू नका.

पत्रातल्या बाकी गोष्टींना सवड आहे, एकीला नाही. तुमचे यजमान कोणाशी बोलत नाहीत, उठून जातात, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. आम्ही तिथेच थांबतो. रात्री झोपतात का? ताटावरून उठतात का? ‘माझ्यामागं तुमचं बरं होईल’ असं कधी बोलून गेले का? यातलं काही असेल तर एकांतात, दोष न देता सरळ विचारा : जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? असं विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दिराकडे किंवा भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. तुम्हीही लावू शकता, त्यांनीच लावला पाहिजे असं नाही. ‘हो’ असं उत्तर आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. प्रार्थना करून पाहू, मग जाऊ, असं करू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता माझा जीव घे’ म्हणाला (1 राजे 19), तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताच्या हातून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर झालं.

आणि त्यांना प्रार्थनेला बसा म्हणून मागे लागू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, बायकांना हेच सांगितलं आहे की नवरा वचनानं वळत नसेल तर न बोलता, वागणुकीनं वळू शकतो. एक खोड मात्र आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत फार दिसते : प्रार्थनेतून नवऱ्याला टोमणे मारणं. ‘हे प्रभू, यांना सुबुद्धी दे’ हे मोठ्यानं म्हटलं की ते प्रभूला कमी आणि पलीकडच्या खोलीला जास्त ऐकू जातं. त्यांच्यासाठीची प्रार्थना त्यांच्या कानाआड करा.

आता झोपेचं आणि हिशेबाचं. दिवसभर निंदणाला वाकून आल्यावर रात्री दहाला, अंथरुणावर, डोळे मिटून बसलं तर झोप लागणारच. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांनाही लागली, आणि आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे, असं येशूनंच त्यांच्याबद्दल म्हटलं. त्यात पाप शोधत बसू नका, वेळ बदला. पहाटे चहाचं आधण ठेवल्यापासून ते उकळेपर्यंत पाच-सात मिनिटं मिळतात. ती धरा. अट एकच, तोवर मोबाईलला हात लावायचा नाही. एकदा तो उघडला की कापसाचा भाव, गटाच्या हप्त्याचा मेसेज आणि पाहुण्यांचे स्टेटस असं सगळं आधी आत शिरतं, मग देवासाठी कोपराही उरत नाही. डोळे मिटण्याचीही सक्ती नाही. योहानाच्या 17व्या अध्यायात येशू आकाशाकडे नजर लावून प्रार्थना करतो. उभं राहून, अंगणात चालत, ओठ हलवून, कुजबुजत बोला. शमुवेलाची आई हन्ना तशीच करत होती, म्हणून तर याजकाला ती प्यालेली वाटली. डोळे आणि तोंड दोन्ही बंद ठेवली की थकलेल्या मनाला धरायला काही राहत नाही आणि ते आपल्या ओळखीच्या वाटेनं हिशेबाकडे जातं.

त्या पाच-सात मिनिटांत काय बोलायचं? प्रभूची प्रार्थना आपण एका श्वासात म्हणून टाकतो. ती आठवड्यावर वाटून घ्या. तिच्यात सहा मागण्या आहेत आणि कामाचे वारही सहाच. सोमवारी देवाचं नाव पवित्र मानलं जावो. आज माझ्या बोलण्यात, मजुरीच्या व्यवहारात ते कसं राखलं जाईल? मंगळवारी त्याचं राज्य येवो, गावातल्या कोणत्या घरी त्याची गरज दिसते? बुधवारी त्याची इच्छा. गुरुवारी रोजची भाकर, इथे डाळ-तेलाचं, पोरांच्या फीचं, पावसाचं, सगळं नाव घेऊन मागा. शुक्रवारी क्षमा, मिळालेली आणि द्यायची राहिलेली. शनिवारी परीक्षेपासून आणि वाइटापासून सुटका. रविवारी पूर्ण प्रार्थना, सावकाश. एका दिवसाला एकच ओळ असली की मन भरकटलं तरी परत यायला ठिकाण असतं.

हिशेब तरीही येईल. त्याच्याशी झगडू नका. ‘प्रभू, सोमवारी हप्ता आहे, 1,800 रुपये, हातात 600 आहेत’ असं जसंच्या तसं बोलून टाका. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो ते हेच : चिंता वाटते ती मागणी म्हणून देवाला कळवा, आभारासह. तो हे तुरुंगातून लिहीत होता. याशिवाय रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं एका वहीत घेणं-देणं खरोखर लिहून काढा : सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, गट, किराणा, मजुरी. विसरायची भीती असते म्हणून डोकं तेच तेच उगाळतं. कागदावर उतरलं की पकड ढिली होते. ही वही यजमानांनाही दाखवा. घरात एकमेकांपासून लपवलेलं कर्ज प्रार्थनेलाही सलतं.

मागण्यांसाठी दुसरी, शंभर पानी वही करा. डाव्या पानावर तारीख आणि मागणी, उजव्या पानावर पुढे काय झालं ते. ‘देवा, सगळं चांगलं कर’ असं लिहू नका, कारण ते झालं की नाही हे कधीच कळत नाही. ‘पोरीचा ताप उतरू दे’, ‘नणंदेशी अबोला सुटू दे’ असं लिहा. उजव्या पानावर ‘झालं’, ‘नाही’, ‘अजून नाही’, ‘वेगळं झालं’ यातलं जे खरं असेल ते. ‘नाही’ लिहायला कचरू नका. पौलानं शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा मागितलं, काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही मागून पुढे चाळा. ही सवय सुटते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, उजवी पानं कोरी राहिल्यामुळे. तेव्हा नवीन मागण्या थांबवून जुन्यांचं काय झालं एवढंच भरा.

दिवसभराचं काय? पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्या राजासमोर उभा होता, राजानं विचारलं काय पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी त्यानं स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2). राजाला कळलीही नसेल, इतकी ती लहान असणार. वावरात अशीच चालते. निंदणाची पात संपली की पुढची धरण्याआधी, वेचताना कमरेची ओटी गाठोड्यात रिकामी केली की, विहिरीतून बादली वर आली की, एक वाक्य : ‘देवा, माझ्यावर दया कर’ किंवा ‘माझं साहाय्य परमेश्वरापासून येतं’. सोबतच्या बायांना कळायचं कारण नाही, गप्पाही बंद करायच्या नाहीत. किती वेळा म्हटलं ते मात्र मोजू नका. मोजायला लागलं की लक्ष देवावरून आकड्यावर जातं, आणि पुष्कळ बोलल्यानं देव ऐकतो या समजुतीला येशूनं मत्तयच्या सहाव्या अध्यायात आधीच नकार दिला आहे. तसंच, निंदण म्हणजे देवापासून दूर गेलेला वेळ, असंही मानू नका. जे करता ते जिवाभावानं प्रभूसाठी करा, हे वाक्य पौलानं दासांना उद्देशून लिहिलं. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्यांना.

बायबल वाचनात तुमचं चुकतं ते पंचांगात. 66 पुस्तकं, 1,189 अध्याय. वर्षात संपवायचं तर रोज तीनहून जास्त अध्याय होतात. ज्या बाईला दिवसात धड पंधरा मिनिटं मिळत नाहीत तिनं हा नेम घेतला की तो मोडतो, आणि मोडला की अपराधी वाटून पुस्तकच बंद होतं. त्यातही सुरुवात जानेवारीत, म्हणजे पऱ्हाटीत वेचा चालू असताना. उत्पत्ती गोष्टींमुळे वाचून होते, निर्गमचा अर्धा भागही, मग निवासमंडपाची मापं येतात आणि मागोमाग लेवीय : अर्पणांचे प्रकार, चट्ट्यांची आणि बुरशीची तपासणी, याजकांचे नियम. तिथे बहुतेक जण थांबतात. ते पुस्तक टाकाऊ नाही, पण एकट्यानं सुरुवातीला वाचायचं नाही. पुढे कधीतरी लेवीयचा 16वा अध्याय आणि इब्री लोकांस पत्राचे 9 व 10 हे अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा, मग ती सगळी रक्ताची आणि वेदीची भाषा कुठे जाऊन पोचते ते दिसेल.

तुमचं वाचन हंगामावर बसवा. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. तोवर कापूस बहुतेक घरी आलेला असतो. तिथपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून 40 दिवस. मार्कचे 16 अध्याय आणि लूकचे 24, मिळून 40. रोज एक. उन्हाळ्यात वावरात फारसं काम नसतं, तेव्हा प्रेषितांची कृत्ये, 28 अध्याय. मृग लागला, पेरणी, डवरणी, निंदण सुरू झालं की 119वं स्तोत्र घ्या. त्यात 176 ओव्या, आठ-आठच्या 22 तुकड्यांत. रोज एक तुकडा, चार मिनिटांत होतो, आणि 22 दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. दसऱ्यानंतर सोंगणी आणि वेचा एकदम अंगावर येतात, तेव्हा आठवड्याला एकच वचन. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहा आणि डब्याच्या पिशवीत ठेवा. त्या दिवसांत एवढंच पुरे, आणि त्याबद्दल मनाला खायचं काही कारण नाही.

एखादा दिवस चुकला तर मागचा भरून काढू नका, त्या दिवशीचं वाचा. थकबाकी साचली की वाचनाचंही कर्ज होतं. परिच्छेद एकदा मनात, एकदा मोठ्यानं वाचा. मग एवढंच विचारा की इथे देव काय करतो आहे, आणि आज मी त्यातलं काय करू शकते. उत्तर सुचलं नाही तर नाही. मराठी बायबल ध्वनिमुद्रित स्वरूपात मोबाईलवर मिळतं. तालुक्याला नेटवर्क चांगलं असेल तेव्हा मार्क आणि स्तोत्रं उतरवून ठेवा. भाकरी थापताना ऐकता येतं, आणि घरात कोणाला वाचता येत नसेल तर त्यांचंही वाचन होतं.

उपवासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण राखेच्या बुधवारानंतर तो विषय निघतोच. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, अंगावर पिणारं लेकरू असेल किंवा उन्हात मजुरीला जायचं असेल, तर निर्जळी उपास करू नका. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणही सोडू नका. नसतील तर एक वेळचं जेवण सोडा, पाणी भरपूर प्या. नाहीतर संध्याकाळी सहानंतर मोबाईल सोडा. तो जास्त कठीण जातो, करून पाहा.

आशेवर मात्र जरा सविस्तर लिहू द्या, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. यिर्मया 29मधलं, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, हे वचन तुमच्या मोबाईलवर महिन्यातून चारदा तरी येत असेल, फुलांच्या चित्रावर. त्याच्या आधीची ओळ कोणी पाठवत नाही. ते पत्र बाबेलात (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना आहे आणि त्यात लिहिलं आहे की सुटकेला 70 वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, त्या शहराचं भलं चिंता. यंदा कापसाला भाव मिळेल ही अपेक्षा आहे. ती ठेवावी, पण ती मोडू शकते आणि तुमच्याकडे दोनदा मोडली. बायबलमधली आशा देव कोण आहे यावर टेकते, म्हणून ती 70 वर्षांचा आकडा ऐकूनही उभी राहिली. दोन्हींची गल्लत झाली की सोयाबीनसोबत विश्वासही भिजतो.

ही आशा धरायची कशी, तर आधी तक्रार करून. 13वं स्तोत्र काढा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये ‘किती काळ’ हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनमध्ये मागणी, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. याच मापात स्वतःचं लिहा. आधी चार वेळा ‘किती काळ’, प्रत्येकापुढे तुमचं खरं दुःख : यांचा अबोला, हप्ता, शेजारणीचं बोलणं, कोरडी पडलेली विहीर. मग दोन मागण्या. मग देवानं पूर्वी केलेली एक गोष्ट, तुमच्या वहीतली किंवा शास्त्रातली. तिसरा भाग खोटा वाटत असेल तर लिहू नका. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. अशा रात्री तेवढंच वाचून झोपा.

दुसरा सराव हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या अध्यायातला. तो नुकसानीची यादी करतो : अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतानं अन्न दिलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा गोष्टी. त्यानंतर ‘तरी’ आणि मग परमेश्वराच्या ठायी आनंद. तुमची यादी तुमच्या शब्दांत करा : पऱ्हाटीला बोंडअळी, सोयाबीन पाण्यात, तुरीला बार (फुलोरा) नाही, आणि जे असेल ते. खाली मोठ्या अक्षरात ‘तरी’ लिहा. पुढची ओळ त्या दिवशी जमली नाही तर कोरी ठेवा आणि कागद बायबलमध्ये हबक्कूकच्या पानावर ठेवून द्या. ती ओळ कधी आठवड्यानं भरते, कधी हंगामानं. नुकसान न मोजता थेट आनंदावर उडी मारणारी भक्ती दोन-तीन सभांपुरती टिकते.

आशा म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नाही. जो वारा पाहत बसतो तो पेरणार नाही, हे उपदेशकाच्या 11व्या अध्यायात आहे. सकाळी पेर, संध्याकाळीही हात आखडू नको, कारण यातलं कोणतं फळेल ते तुला ठाऊक नाही. तुरीच्या ओळी वाढवणं, कृषी सहायकाला गाठून बोंडअळीचे कामगंध सापळे (गंधानं पतंग ओढून पकडणारे) कधी लावायचे ते विचारणं, पीक कर्जाचं नूतनीकरण वेळेत करणं ही अविश्वासाची लक्षणं नव्हेत.

मोबाईलवरच्या त्या प्रचारकाला एक रुपया पाठवू नका. विश्वास कमी म्हणून शेत पिकत नाही, असं असतं तर देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, हे येशूचं वाक्य (मत्तय 5) खोटं ठरलं असतं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही. सगळं गमावलेल्या नीतिमान ईयोबाचे मित्र याच प्रचारकाची भाषा बोलत होते आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. पैशाबद्दल तर 2 राजे 5 वाचा : अरामी सेनापती नामानाचं कोड गेल्यावर त्यानं देऊ केलेली भेट अलीशा संदेष्ट्यानं घेतली नाही, चाकर गेहजीनं मागे धावत जाऊन घेतली आणि ते कोड त्याला चिकटलं. दान द्यायचं ते आपल्या मंडळीत, ओळखीच्या माणसांत, आणि आपल्याजवळ असेल त्या मानानं. नसलेल्यातून द्यायची अपेक्षा नाही, असं पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहितो. हंगामाच्या सणाला पायलीभर तूर नेली तरी ते पूर्ण दान आहे. आणि ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेचा तपशील कोणी मागितला तर फोन ठेवून द्या.

गावातली तीन घरं ही तुमची मोठी ठेव आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात म्हणून उरलेले आठवडे मोकळे ठेवायचे नसतात. आठवड्यातून एकदा जमा. बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी मजुरीचे चुकारे असतात आणि कोणी वेळेवर येत नाही. रात्री साडेआठला, आळीपाळीनं एकेका घरी, पाऊण तास. दोन गाणी, एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा एक परिच्छेद पाळीपाळीनं वाचणं, त्यावर दहा मिनिटं बोलणं, मग नाव घेऊन एकमेकांसाठी प्रार्थना. लाईट जाते, म्हणून गाणी पाठ असलेलीच घ्या. अशी मंडळी मोडते ती ठरलेल्या कारणांनी. कोणीतरी एक तास उपदेश करतो. प्रार्थनाविषय सांगता सांगता तिसऱ्याच्या घरची भानगड बाहेर येते. एका घरी भजी झाली की पुढच्या घराला पोहे तरी करावे लागतात आणि मग गरीब घर आपली पाळी टाळतं. म्हणून नुसता चहा, तोही ऐच्छिक. सगळ्यात जास्त मोडते ती आपसांतल्या उसनवारीनं. मदत करायची तर परत न मागता करा, नाहीतर नाही म्हणा. पाळकसाहेबांना विचारून प्रभुभोजन त्यांच्या येण्याच्या रविवारी पक्कं ठरवून घ्या, म्हणजे एसटीची वाट न पाहता महिन्यातून एकदा तरी ते मिळेल.

रविवारी कापूस फुटलेला आणि आभाळ आलेलं असेल तर वेचा. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, कोण काढणार नाही, हे येशूनंच विचारलं. पण दर रविवारी आभाळ येत नाही. सकाळी अकरापर्यंतचा वेळ देवासाठी आणि घरासाठी राखा, मजुरांनाही आधीच सांगून ठेवा.

शेजारणीला लगेच उत्तर द्यायची गरज नाही. ती जे विचारते ते स्तोत्र 42मध्येही विचारलेलं आहे, ‘तुझा देव कोठे आहे?’ पुढच्या वेळी म्हणाल तर एवढंच म्हणा, ‘मीही त्यालाच विचारते आहे, रोज.’ हे खरं आहे, त्यात भांडण नाही. मग तिच्या घरी कोणी आजारी असलं तर डबा घेऊन जा.

पोळ्याबद्दल मंडळ्यांमंडळ्यांत मतं वेगळी आहेत, तेव्हा तुमच्या पाळकांशी बोलाच. आमचं मत असं : खांदशेकणीला बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळणं, दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालणं, झूल चढवणं, पुरणपोळी खाऊ घालणं, त्याला कामाला न जुंपणं, यात अडचण दिसत नाही. सातव्या दिवशी बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा हा निर्गम 23मधला नियम आहे आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नये हा अनुवाद 25मधला. तोरणाखाली बैल घेऊन उभं राहा, झडत्या (पोळ्याची गाणी) ऐका. पूजेच्या वेळी हात जोडायचे नाहीत तर शांतपणे मागे सरका, त्यावर भाषण नको. गावाला तुम्ही नाही म्हटलेलं पटकन समजतं, तुम्ही हिणवलेलं विसरलं जात नाही.

राहिली पुसट अक्षरं. पुस्तक हात लांब करून धरलं की नीट दिसतं का, ते पाहा. दिसत असेल तर तुमच्या वयात बहुधा जवळचा चष्मा लागला आहे. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्या, बाजारातला उचलून लावू नका, दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असू शकतात. साखरेचीही तपासणी त्याच फेरीत करा, कारण साखर वाढली तरी नजर कमी-जास्त होते. आणि मोठ्या टाइपाचं बायबल मिळतं. पाळकसाहेबांना पुढच्या खेपेला आणायला सांगा.